प्राउटमाईला आम्ही दार उघडलं नाही

केझाया प्राउट ही आमच्या व्हाइटचॅपलच्या गल्लीतली सुईण. सगळे तिला माई म्हणत. अर्ध्या गल्लीला तिनंच जगात आणलं होतं आणि मेलेल्यांना धुऊन कापडात गुंडाळायचं कामही तिचंच. आमच्याकडे दोन्हींसाठी एकाच बाईला बोलावतात. हाडापेरानं थोराड, तोंडानं फटकळ. माझी चारही बाळंतपणं तिनंच केली. मी किंचाळले की म्हणायची, "डॉर्कस, एवढी नवऱ्यावर ओरडली असतीस तर ही वेळ आली नसती."

अठराशे अठ्ठ्याऐंशी सालच्या पानगळीत गल्लीबोळांत बायकांचे खून पडू लागले आणि जो तो पोलीस झाला. मासेवाला एमस म्हणे, गुरांच्या बोटीवरचा खलाशी आहे, गुरुवारी येतो आणि सोमवारी पसार होतो. कुणी म्हणे कसाई, कुणी म्हणे काळ्या बॅगेचा डॉक्टर. परक्या देशातून आलेल्या बिचाऱ्या शिंप्यांच्या तर खिडक्याच फोडल्या लोकांनी. खोटं कशाला बोलू, नळावर आम्ही बायका हे सगळं मिटक्या मारत बोलायचो. एक दिवस मलाही राहवलं नाही.

"पुरुषच कशाला हवा गं? रक्तानं माखलेला एप्रन घालून पहाटे कोण फिरतं, आणि कुणी हटकतसुद्धा नाही? आपली माई."

सगळ्या खदखदून हसल्या. आठवड्यानं तीच गोष्ट एमसनं माझ्या कानात सांगितली, पोलिसांच्या आतल्या गोटातून आल्यासारखी. ती माझीच थट्टा आहे, एवढं सांगायला जीभ रेटायला हवी होती. त्याऐवजी मी विचारलं, "खरंच?"

आमच्याकडे दिवस भरले की कडीची दोरी दाराबाहेर लोंबती ठेवतात, म्हणजे सुईणीला थेट आत येता येतं. त्या महिन्यात एकेका घरानं दोरी आत ओढून घेतली. माई नळावर आली की बायका अर्धी बादली उचलून चालू लागत. तिनं कुणाला कारण विचारलं नाही. मीही ओढली होती दोरी, आणि माझ्या लेकीला, रोडाला, पहिलटकरणीचा नववा महिना लागला होता.

नोव्हेंबरात एका पोरीला तिच्या स्वतःच्या खोलीत कापली. तिसऱ्या दिवशी भर दुपारी रोडाला कळा सुरू झाल्या. धुकं इतकं की दिवा लावावा लागला. जावई गोदीवर कामाला. तेवढ्यात दारावर थाप पडली.

"डॉर्कस, मी आहे. पोरीचा आवाज येतोय मला. दोरी कुठाय?"

चार वेळा जिच्या हातात जीव दिला, तिचाच आवाज होता तो, आणि मी दारापासून मागे सरले. रोडा म्हणाली, "आई, उघड ना." मी तिच्या तोंडावर हात दाबला.

"मूल आडवं असलं तर तुला एकटीला नाही जमायचं," माई बाहेरून म्हणाली. "मला आत घेऊ नकोस हवं तर. खिडकी उघड, मी बाहेरून सांगते काय करायचं ते."

मी खिडकीसुद्धा उघडली नाही. बऱ्याच वेळानं तिची पावलं दूर गेली.

मूल आडवंच होतं. दिवेलागणीपर्यंत दोघंही गेली.

मग दोघांना धुवायला माईलाच बोलवावं लागलं. ती आली. तोंडातून टोमणा नाही की शिवी नाही. तिनं रोडाला न्हाऊ घातलं, केस विंचरले, बाळाला आईच्या कुशीत ठेवलं. कापड शिवून झालं, तेव्हा दोरा तोडायला तिनं पिशवीत हात घालून कात्री काढली. मी दचकून भिंतीला टेकले.

माईनं माझ्याकडे पाहिलं. कात्री उलटी करून मूठ माझ्याकडे केली.

"घे, तूच काप," ती म्हणाली, आणि माझं होईपर्यंत तिनं दोन्ही हात मला दिसतील असे मांडीवर ठेवले.