फेब्रुवारीत दळलेलं पीठ

माझी पत्नी जयश्री एकोणतीस वर्षं आरोग्यसेविका आहे. जव्हार तालुक्यातल्या पाड्यांवर लशींचा डबा खांद्याला अडकवून ती जेवढी चालली, तेवढा मी एसटीनेही फिरलो नसेन. लोक तिला नर्सबाय म्हणतात. पोराचा डोस चुकवलेली बाई तिला लांबून पाहून घरात शिरते, आणि ही तिच्या मागोमाग शिरते. रागावत नाही. ओटीवर बसते, पाणी मागते, आणि डोस दिल्याशिवाय उठत नाही.

एवढ्या नोकरीत तिचं एक मात्र राहून गेलं होतं. आमचं मूळ घर साखरशेतचं. आमच्याकडे नवा भात आणि नवी नागली, म्हणजे नाचणी, दिवाळीतल्या वाघबारशीला कणसरीला दाखवल्याशिवाय कोणी तोंडात घालत नाही. कणसरी ही धान्याची देवी. त्या दिवशी घरातली थोरली बाई नवा भात शिजवते, कणसरीला आणि पितरांना पानावर वाढते, मग घर जेवतं. माझ्या आईने हे चाळीस वर्षं केलं. जयश्री त्या दिवशी बहुधा ड्युटीवर असायची. धावतपळत संध्याकाळी पोचायची, तोवर सगळं आटोपलेलं असायचं.

गेल्या चैत्रात आई वारली. जाण्याआधी म्हणाली, "नवं थोरलीनं करायचं. धाकटी तिला दावील."

धाकटी म्हणजे माझ्या भावाची बायको मंगळी. गावची शेती, गुरं, घर सगळं तीच सांभाळते. आईचं हे बोलणं तिला लागलं असणार, आणि त्यात तिचा दोष नव्हता. वर्षभर चिखलात उभी राहते ती, आणि मानाचं काम जव्हारला क्वार्टरमध्ये राहणाऱ्या जावेने करायचं.

त्याच वर्षी वाढदिवसाचं निघालं. जयश्रीच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख एक जून आहे. तिच्या वयाच्या निम्म्या तालुक्याची तीच असेल, कारण गुरुजी तीच टाकत. पण तिची आई रामी नेहमी सांगायची, पोर झाली ती दसऱ्याच्या आदल्या दिवशी. आमची मुलगी प्रगती दोन वर्षांपासून सिंगापूरला नर्स आहे. तिने कुठून तरी जुनं पंचांग मिळवून खरी तारीख काढली आणि फोन केला.

"आई, ऑक्टोबरच्या मध्यावर तू पन्नास वर्षांची होतेस. तू आणि बाबा इकडे या. दोन दिवस मोठ्या हॉटेलात राहायचं, दोघांनीच. मी सगळं ठरवलंय, नाही म्हणायचं नाही."

वाघबारस त्यानंतर चारच दिवसांनी होती. परतीचं विमान आदल्या दिवशीचं होतं, म्हणून जयश्री हो म्हणाली.

निघण्याआधी आम्ही साखरशेतला जाऊन आलो. मंगळी खळं सारवत होती. हात शेणाचेच ठेवून ती म्हणाली, "जातेस ना बाय? जा. पर विमानात न् हाटेलात काय काय वाढतील, त्यात भात नवा का जुना, तुला कळंल तरी का?"

"मी भाताला हातच लावणार नाही."

"बघ हां. नवं खाल्लेल्या तोंडानं कणसरीम्होरं बसायचं नाय. तसं काय झालंच तर सरळ सांग, मी करीन."

मंगळी हसून बोलली, जयश्रीही हसली. पण दोघींनाही ते हसण्यावारी न्यायचं नव्हतं.

जयश्रीने काळजी घेतली. विमानात आलेला पुलाव तिने झाकणही न काढता परत केला. पिशवीत गेल्या वर्षीच्या नागलीच्या भाकऱ्या होत्या. प्रगतीच्या घरी पहिला दिवस तिने पाव आणि अंड्यावर काढला.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे वाढदिवसाच्याच दिवशी, दुपारी दोनला प्रगतीने आम्हाला हॉटेलच्या दारात सोडलं. "सातला येते, मग केक कापू," म्हणाली आणि ड्युटीवर गेली. आतली फरशी इतकी स्वच्छ होती की जयश्रीने चपला काढाव्यात का, असं मला खुणेने विचारलं. मी इकडेतिकडे पाहिलं. सगळे बूट घालून होते.

काउंटरवर मी फॉर्म भरत होतो. तेवढ्यात एक मुलगी गार पाण्यात भिजवलेले रुमाल आणि एक तबक घेऊन आली. तबकात ओल्या खोबऱ्यात घोळवलेले सहा हिरवे लाडू होते, सुपारीपेक्षा थोडे मोठे. शेजारी एक छापील कार्ड. मुलीने जयश्रीला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या आणि कमरेत वाकून तबक पुढे केलं. जयश्रीने एक लाडू तोंडात टाकला. आतून पातळ गूळ निघाला असावा, कारण तिने पटकन ओठ मिटले आणि तिचे डोळे मोठे झाले. तिने दुसराही खाल्ला.

"अहो, खाऊन तर बघा. खोबरं न् आत गूळ. वरचं कशाचं असेल हो? त्या कार्डावर लिहिलंय का बघा."

मी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं. तांदळाच्या पिठाचे उकडलेले गोड गोळे. आमचा तांदूळ थेट शेतातून येतो.

आपण काय वाचलं हे वाचून झाल्यावर माझ्या लक्षात आलं. तिसरा लाडू तिच्या बोटांत होता. तो तिने अलगद तबकात ठेवला आणि रुमालाने बोटं पुसली, एकेक करून.

आमची खोली एकतिसाव्या मजल्यावर होती. एक पूर्ण भिंत काचेची, खाली समुद्रात जहाजं. जयश्री काचेकडे पाठ करून खुर्चीच्या कडेवर बसली. पलंगावर टॉवेलचे दोन हंस करून ठेवले होते, त्यांच्याकडेही तिने पाहिलं नाही.

"मंगळीला फोन करा," ती म्हणाली. "सांगा, यंदा तू कर."

"अगं, हा इथला तांदूळ. आपल्या शेतातला थोडाच आहे? आपला नियम आपल्या भाताला."

"असं कुठे लिहिलंय?"

"लिहिलेलं तर काहीच नाही."

"मग तुम्ही तुमच्या सोयीचं कशाला लिहिताय?"

मग मी बोलू नये ते बोललो. "दोनच तर लाडू. इथे कोणी पाहिलं?"

"लशीचा डबा दिवसभर उन्हात राहिला आणि कोणी पाहिलं नाही, तर ती लस मी पोराला टोचू का?"

 तिच्या बोलण्यातूनच मला वाट सुचली. लस बिघडली की नाही हे बाटली पाहिल्याशिवाय कोण ठरवतं? लाडवातला तांदूळ नवा होता हे आम्हाला कुठे ठाऊक होतं? मी म्हणालो, "मंगळीला फोन करायचा तर करू. पण आधी तांदूळ कधीचा ते विचारू. जुना निघाला तर?"

"आणि नवा निघाला तर?"

"तर तू सांगशील तसं."

तिने मान हलवली. मी खाली काउंटरला फोन लावला आणि इंग्रजीत विचारलं, की तुमच्या त्या लाडवांतला तांदूळ कधी कापलेला आहे. पलीकडच्या मुलीने मला तो प्रश्न पुन्हा विचारायला लावला. मग तिने विचारलं, "मॅडमना बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, बरं वाटतंय, पण तांदळाची काळजी वाटतेय. हे मी नीट बोललो नाही, असं आता वाटतं.

पाच मिनिटांत दारावर टकटक. काळ्या कोटातला व्यवस्थापक, हातात फॉर्म घेतलेली एक मुलगी आणि बॅग घेतलेली नर्स. कुठल्या पदार्थाची ॲलर्जी, घसा सुजलाय का, अंगावर पुरळ आहे का, अशी विचारणा सुरू झाली. मी समजावत होतो तोवर नर्सने जयश्रीच्या दंडाला ब्लडप्रेशरचा पट्टा गुंडाळलासुद्धा.

"ढिला बांधलाय," जयश्री मला मराठीत म्हणाली. मग तिने स्वतःच पट्टा सोडून नीट बांधला आणि नर्सला आकडा दाखवला. एकशे अडतीस, ब्याऐंशी. नर्सने तो मुकाट्याने लिहून घेतला.

मग जयश्रीने तिच्या दवाखान्याच्या इंग्रजीत स्वतःच सांगितलं. "नो सिक. नो ॲलर्जी. ओन्ली राइस. न्यू राइस, आय कॅनॉट ईट. ओल्ड राइस, ओके. इट इज फॉर माय गॉड."

व्यवस्थापक हसला नाही, याचं मला आजही बरं वाटतं. त्याने खिशातून डायरी काढली, सगळं लिहून घेतलं, वाचून दाखवलं, बरोबर आहे ना विचारलं, आणि स्वयंपाकघरात जाऊन येतो म्हणाला.

त्याला यायला जवळजवळ तास लागला. जयश्री जागची हलली नाही. मी टीव्ही लावायला गेलो तर म्हणाली, "नको."

मग आपणहून बोलू लागली. "लग्नानंतरचं पहिलं वर्ष. मी जामसरच्या बाजूला होते, एका बाळंतिणीपाशी. दोन दिवस हलता येईना. तुमची आई चालत आली. पळसाच्या पानात नवा भात बांधून. म्हणाली, पोरी, तू खाल्लं नाहीस तर माझं नवं पुरं व्हायचं नाय. मी उभ्याउभ्या खाल्ला. तिला बस म्हणायलासुद्धा वेळ नव्हता. तशीच परत गेली." ती थांबली. "एकदाही तिच्या शेजारी बसून नाही केलं मी. आता मला बसायचं होतं तिच्या जागी. आणि मी काय केलं? दोन लाडू खाल्ले."

आईची ही गोष्ट मला माहीत नव्हती. आमच्या लग्नाला तेव्हा एकोणतीस वर्षं झाली होती.

चार वाजता पुन्हा टकटक झाली. व्यवस्थापकाबरोबर या वेळी स्वयंपाकघरातला मिठाई करणारा आचारी होता. पन्नाशीचा, भरल्या अंगाचा, टोपी हातात घेतलेली. काखेत एक पुठ्ठ्याचं खोकं. त्याचा चेहरा पडलेला होता. पाहुणीला तांदूळ कधीचा ते हवंय, एवढंच त्याच्या कानावर गेलं असावं. खोकं टेबलावर ठेवून त्याने आधी माफीच मागायला सुरुवात केली. व्यवस्थापक त्याचं बोलणं आम्हाला सोपं करून सांगत होता.

मॅडमनी बरोबर ओळखलं, आचारी म्हणत होता. पीठ ताजं नाही. ते थेट शेतातून वगैरे कार्ड वरच्या ऑफिसातले लोक छापतात. त्याने चार वेळा सांगूनही कार्ड बदललं नाही. पीठ पाकिटातलं आहे, आणि पाकीट फेब्रुवारीत दळलेलं. आठ महिने जुनं. खराब नाही, पण जुनं आहे हे खरं. फार वाईट वाटतं, मॅडम.

जयश्री उठली. तिने खोक्यातलं फोडलेलं पाकीट घेतलं, खिडकीच्या उजेडात धरलं आणि मागची बाजू वाचली. मग न फोडलेली पाकिटं एकेक करून उलटली. सगळ्यांवर तीच तारीख.

"दुपारचे लाडू याच पाकिटातले?" तिने मला विचारायला लावलं.

याच, आचारी म्हणाला. सकाळी त्यानेच फोडलं.

"फेब्रुवारीत दळलं," ती बोटांवर मोजत मला म्हणाली. "म्हणजे भात कापला त्याच्याही आधी. गेल्या हंगामाचा. जुना आहे हो. जुना आहे!"

आणि तिने त्या माणसाचे दोन्ही हात धरले. "व्हेरी गुड," ती म्हणाली. "व्हेरी व्हेरी ओल्ड. थँक यू."

तो बिचारा गोंधळून व्यवस्थापकाकडे पाहू लागला. जुन्या पिठाबद्दल इतका आनंदलेला पाहुणा त्याला पहिल्यांदाच भेटला असणार. व्यवस्थापकाने डायरी उघडून त्याला त्यांच्या भाषेत काही सांगितलं. सांगता सांगता दोघंही हसायला लागले, आणि मग आम्हीही. 

जयश्रीने पाकिटाची तारखेची बाजू मागून घेतली. आचाऱ्याने ती कात्रीने नीट कापून दिली. मग तिने त्याला लाडू कसे करतात ते विचारलं, आणि त्याने हातवारे करून पीठ मळण्यापासून सगळं दाखवलं.

सातला प्रगती केक घेऊन आली, तेव्हा तिची आई पलंगावर मांडी घालून बसली होती आणि पुढ्यात वीस लाडवांचं तबक होतं. आचाऱ्याने पाठवलेलं.

"आई, खाली काउंटरवर सांगत होते, तू तक्रार केलीस म्हणे?"

"तक्रार कसली? चौकशी केली. तू आधी हात धू आणि हे खा. जुनं पीठ आहे, बिनघोर खा."

"जुनं?" प्रगतीने माझ्याकडे पाहिलं. "बाबा, हिला काय झालंय?"

"पन्नास वर्षांची झालीये," मी म्हणालो.

वाघबारशीला सकाळीच आम्ही साखरशेतला पोचलो. चुलीला हात लावण्याआधी जयश्रीने मंगळीला सगळं सांगितलं. लाडू खाल्ले, ते तांदळाचे निघाले, मग विचारलं, मग आचारी आला. काहीही गाळलं नाही. शेवटी पर्समधून तो कागद काढून पुढे केला.

"ही बघ तारीख. तुझ्या पोरीला, नीताला, वाचायला सांग. तरीपण तुझ्या मनात असेल तर तू बस, मी बाजूला बसते."

मंगळीने कागद घेतला नाही. तिने जयश्रीकडे जरा वेळ पाहिलं, मग सूप पुढे सरकवलं. सुपात सकाळीच कांडलेला नवा तांदूळ होता.

"ठेव तां तुझ्या पाकिटात," ती म्हणाली. "आन् पाणी कमी घाल, बाय. नवा हाय, लगेच गिच्च होतो. सासूनं मला पयल्या वर्षी लई बोल लावला होता."