घट्टराव आणि गरम पाण्याचा नळ

घट्टराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते त्यांच्या मेहुणीनं ठेवलं, साखरेचा डबा उघडताना तिचं नख मोडलं त्या दिवशी. "ताई, तुझा नवरा डबे बंद करतो की त्यांना जन्मठेप देतो गं?" असं ती बोट चोखत म्हणाली, आणि तेव्हापासून नात्यात आणि गल्लीत ते घट्टरावच झाले.

त्यांना हे नाव मनातून आवडायचं. एकतीस वर्षं त्यांनी एका मोठ्या गोदामाची राखण केली होती. संध्याकाळी चौदा कुलपं लावायची आणि प्रत्येक कुलूप तीनदा ओढून बघायचं, हा त्यांचा नेम. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एक कुलूप अर्धवट लागलं होतं आणि सकाळी कापसाच्या गठ्ठ्यावर एक कुत्री सहा पिल्लांसह आरामात पहुडलेली सापडली होती. साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "हे गोदाम आहे की प्रसूतिगृह?" तो प्रश्न असा जिव्हारी लागला की त्यानंतर घट्टरावांनी काही म्हणून सैल सोडलं नाही. बाटली, बुटाची नाडी, पिशवीची गाठ, काहीच नाही. निवृत्त झाल्यावर चौदा कुलपं सुटली, पण हातातला जोर कुठे जाणार? तो घरी आला.

घरी त्यांची बायको होती. तिला सगळे काकू म्हणत. त्यांनी बंद करायचं आणि काकूंनी उघडायचं, असा दोघांचा संसार चालला होता. उरलेल्या वेळात काकू काळजी करत. गॅस चालू राहिला असेल का, लेक जेवली असेल का, ती फोन उचलत नाही म्हणजे काय झालं असेल. काळजी करण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता.

तर या घरात न्हाणीघरातला गरम पाण्याचा नळ चार महिन्यांपासून गळत होता. टप्. मग आता थांबला वाटेपर्यंत शांतता. मग पुन्हा टप्.

"कुणीतरी नळ नीट बंद करत नाही," घट्टराव म्हणायचे. संशय आधी काकूंवर गेला, मग भांडी घासणाऱ्या बाईंवर, आणि शेवटी दोन रात्री राहून गेलेल्या जावयावर. "माणूस चांगला आहे, पण मनगटात दम नाही," असा निकाल देऊन ते उठायचे, दातओठ खाऊन नळ पिळायचे आणि विजयी मुद्रेनं परत यायचे. नळ चार दिवस गप्प राहायचा आणि पाचव्या दिवशी आधीपेक्षा जोरात गळायचा.

एका सकाळी लेकीचा फोन आला. "आई, हे कामासाठी दहा दिवस बाहेरगावी चाललेत. मी बाळाला घेऊन आज पाचपर्यंत येऊ म्हणते. पण त्या नळाचं काय झालं?"

काकूंनी न्हाणीघराकडे पाहिलं. बाळ तीन महिन्यांचं होतं आणि त्याला निजवायची खोली न्हाणीघराला लागूनच होती. मागच्या खेपेला दर टप् ला ते डोळे उघडायचं, आणि आठ दिवसांसाठी आलेली लेक तिसऱ्याच दिवशी डोळ्यांखाली काळी वर्तुळं घेऊन परत गेली होती.

"खरं सांग आई. गळत असेल तर मी नणंदेकडे जाते. तिच्याकडे नळ गळत नाहीत."

ते शेवटचं वाक्य काकूंना काट्यासारखं टोचलं. त्या नणंदेकडे नळ गळत नाहीत, पडदे चुरगळत नाहीत, दूध उतू जात नाही! "गळत नाही," काकू ठामपणे म्हणाल्या, फोन ठेवला आणि घाबरून खुर्चीत बसल्या. "अहो! पाचच्या आत नळ गळायचा थांबला पाहिजे, नाहीतर बाळ नणंदेकडे जातंय!"

नळवाल्याला फोन केला. तो म्हणाला, परवा येतो.

"कशाला हवाय नळवाला?" घट्टराव बाह्या सरसावून उठले. "वायसर बदलायचं तर आहे. अर्ध्या तासाचं काम." दुकानात जाऊन त्यांनी रबराची सहा वायसरं आणली. एक बसवायला, पाच धाक म्हणून.

गिझर न्हाणीघराच्या दाराच्या वर भिंतीला टांगलेला होता. त्याच्या खाली दोन नळ्या. एकीतून गार पाणी आत जायचं, दुसरीतून गरम बाहेर यायचं. गार पाण्याच्या नळीवर एक छोटा कॉक होता. तो बंद केला की आत पाणी जाणार नाही, आणि आत गेलं नाही की गरम नळाला येणार नाही. हे सगळं घट्टरावांनी स्टुलावर चढून काकूंना बोट दाखवून समजावलं.

"आधी वीज बंद करू द्या," काकू म्हणाल्या, आणि गिझरचं बटण कुठलं याची खात्री नव्हती म्हणून त्यांनी घराचं मेन स्विचच पाडलं. न्हाणीघरात अंधार झाला. मग त्यांनी घट्टरावांना रबरी चपला घालायला लावल्या, अंगठी काढून घेतली, चष्म्याला दोरी बांधली आणि एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात स्टुलाचा पाय धरून उभ्या राहिल्या.

"मी चंद्रावर चाललोय का?" घट्टराव वरून म्हणाले.

"तिथे गेला असतात तर एवढी काळजी नसती. तिथे पडलं तरी लागत नाही म्हणे."

घट्टरावांनी कॉक बंद केला. मग सवयीनं आणखी एकदा पिळला. मग आणखी एकदा. तीन.

नळ सोडला तर नळीत उरलेलं पाणी भसाभसा वाहून गेलं आणि थांबलं. पान्यानं त्यांनी नळाचा वरचा भाग खोलला, आतली दांडी बाहेर काढली आणि तिच्या टोकाचं जुनं वायसर तळहातावर घेतलं. काकूंनी टॉर्च जवळ नेला. वायसरवर गोल खोल चर पडला होता. एका बाजूनं तर ते सुरीनं कापावं तसं आरपार चिरलं होतं. सैल बंद केलेल्या नळाचं वायसर असं होत नाही. असं करायला मनगटात दम लागतो.

घट्टरावांनी ते उलटं केलं, सुलटं केलं, आणि एकदम खोकला आल्यासारखं करून खिशात टाकलं.

"काय होतं हो?"

"काही नाही. हलका माल."

काकूंनी टॉर्च क्षणभर त्यांच्या तोंडावर रोखला.

नवं वायसर बसलं, नळ जोडून झाला. आता कॉक उघडायचा. घट्टराव स्टुलावर चढले, कॉक धरला आणि फिरवला. म्हणजे फिरवायला गेले. कॉक हलेना. त्यांनी टॉवेल गुंडाळून पाहिलं, श्वास रोखून पाहिलं, त्याला दरडावून पाहिलं. तोंड लालबुंद झालं, स्टूल करकरलं, पण कॉक जागचा हलायला तयार नाही. सव्वाचार वाजले होते.

"गळायचं थांबलं ना?" घाम पुसत ते म्हणाले. "मुद्दा तोच होता."

"अहो, पाणीच येत नाहीये तर गळणार काय? बाळाला अंघोळ कशानं घालू, टॉर्चच्या उजेडानं? नणंदेकडे गरम पाणी धो धो येत असेल!"

"मग बोलाव त्या नणंदेला उघडायला!"

"उतरा खाली," काकू म्हणाल्या.

त्या आवाजात असं काही होतं की घट्टराव निमूट उतरले. काकूंनी पातेल्यात पाणी उकळलं, जुना पंचा त्यात बुडवून चिमट्यानं काढला आणि स्टुलावर चढून कॉकभोवती गुंडाळला. स्टूल आता घट्टरावांनी धरलं, दोन्ही हातांनी, अर्थातच घट्ट. मग काकूंनी लाटण्याच्या टोकानं कॉकवर हलकेच टकटक केलं, जसं मधाच्या बाटलीवर करायच्या, तेलाच्या डब्यावर करायच्या. पंचा जरा निवल्यावर त्यांनी कॉक धरला आणि आधी बंद करायच्या दिशेला किंचित दाबला.

"अगं, उलटं!"

"गप्प बसा. आधी थोडं तुमच्या बाजूनं जायचं, मग आपल्या बाजूला वळवायचं. तीस वर्षं हेच करतेय."

कुर्र असा आवाज झाला आणि कॉक उघडला. नळ्या गुरगुरल्या. खाली नळ थुंकल्यासारखा फुर्र करून वाहू लागला. घट्टरावांचा हात आपोआप तिकडे गेला.

"दोन बोटं," काकू वरूनच म्हणाल्या. "अंगठा आणि त्याच्या शेजारचं. बस्स."

घट्टरावांनी दोन बोटांनी नळ बंद केला. नळाच्या तोंडाशी एक थेंब लोंबत राहिला. दोघंही श्वास रोखून त्याच्याकडे पाहत होते. थेंब पडला नाही.

मेन स्विच चालू करून, गिझर लावून काकू पदर सारखा करत होत्या तेवढ्यात दाराशी लेकीचा आवाज आला. घट्टरावांनी लगबगीनं कडी ओढली. कडी निघेना.

"बाबा, कडी तुम्ही लावली होती ना?" लेक बाहेरून म्हणाली. "आईला लाटणं घेऊन यायला सांगा."

लेक आत आली ती आधी न्हाणीघराच्या दाराशी जाऊन उभी राहिली. कान देऊन तिनं मनात वीस आकडे मोजले असावेत. मग ती खोलीत गेली आणि बॅग उघडून कपाटात कपडे लावू लागली. काकूंच्या छातीवरचा दगड तेव्हा उतरला.

गरम पाण्यानं अंघोळ होऊन बाळ झोपल्यावर लेकीनं हळूच विचारलं, "काय झालं होतं नळाला?"

काकूंनी घट्टरावांकडे पाहिलं. घट्टरावांनी छताकडे पाहिलं. मग त्यांनी खिशातून ते चिरलेलं वायसर काढून टेबलावर ठेवलं.

"जावयांना सांग," ते घसा खाकरून म्हणाले, "त्यांचा काही दोष नव्हता."

लेक पदरात तोंड लपवून हसली. बाळ हललं नाही. घर इतकं शांत होतं की दोन मिनिटांत घट्टरावांना चैन पडेना. ते हळूच उठले आणि न्हाणीघराकडे निघाले.

"अहो," काकूंनी दबक्या आवाजात हाक मारली.

"नुसता बघून येतो गं."

"हात मागे बांधून बघा."

आणि एकतीस वर्षं चौदा कुलपं तीन-तीनदा ओढणारा तो माणूस दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून नळासमोर जाऊन उभा राहिला.