नारळाचं पाणी हिरवं नसतं

बोनेटमधनं धूर यायला लागला तेव्हा मी पुढच्या सीटवर होते, बाळ मांडीवर, आणि मला दरवाजा उघडता येईना. गाडी आमचीच, पण मी तिच्यात पहिल्यांदा बसलेली, खटका कुठंय तेच कळेना, काच खाली जाते, वर येते, दरवाजा काय उघडत नाय. मी ओरडले, "आग लागली, आग लागली!" माझा भाऊ गाडी चालवत होता, तो माझ्यावर ओरडला, "आग नाय, वाफ आहे, गप बस!" आणि मागे सासूबाई आरतीचं ताट छातीशी धरून "अगो माजं पोर, अगो माजं पोर" एवढंच. भावाने उतरून बाहेरनं दरवाजा उघडला तशी मी बाळाला घेऊन पडतच बाहेर आले. कळंबोलीच्या ट्रान्सपोर्टच्या यार्डाचं गेट अजून मागे दिसत होतं. ट्रेलरवाले हॉर्न मारतायत, कोण थांबत नाय. बाळ रडलं पण नाय, नुसतं माझ्या तोंडाकडं बघत राहिलं.

मग मी खाली वाकले. पुढच्या दोन चाकांच्या मधनं पाणी गळत होतं. हिरवं पाणी. ते पाणी मी थोड्या वेळापूर्वी यार्डात बघितलं होतं आणि मला वाटलं होतं, नारळाचं आहे.

पहिल्यापासनं सांगते. माझा नवरा हैदराबादला एका शेठकडं ड्रायव्हर होता. बाळ झालं तेव्हा येऊन गेला, मग सगळं फोनवर. बाळाला विचारलं पप्पा कुठंय, की ते मोबाइलकडं बोट दाखवतं. शेठने नवी गाडी घेतली आणि जुनी पांढरी नवऱ्याला दिली, पगारातनं कापून कापून. आमी ठरवलं, गाडी इकडं कामोठ्याला आणायची, भाड्याने लावायची. एका कंपनीत माणसं ने-आण करायचं काम बोलून ठेवलं होतं, पहिल्या तारखेला गाडी उभी पाहिजे. गाडी उभी राहिली तर नवरा कायमचा घरी. नाय राहिली तर परत शेठकडंच, शेठ बोलला होता, तुझी जागा ठेवतो. नवऱ्याला महिना संपेपर्यंत सुट्टी नव्हती म्हणून गाडी ट्रेलरवर चढवून पुढं पाठवली, विमा पण काढला, आणि मला बोलला, "तू फक्त ताब्यात घे, बाकी मी आल्यावर बघतो."

फक्त ताब्यात घे.

सासूबाई करावे गावच्या. त्यांच्या माहेरी होडी पाण्यात सोडताना सुद्धा आधी नारळ. त्या घरनंच हार, कुंकू, लिंबं, नारळ घेऊन निघाल्या. ट्रेलरच्या ड्रायव्हरने गाडी खाली उतरवून दिली आणि कागद पुढं केला. "ताई, सही करा, मला अजून दोन गाड्या उतरवायच्यात." सोलापूरकडचा होता, डोळे लाल, झोप नसलेला.

सासूबाई मध्ये आल्या. "दोन मिंटं थांब रं बाबा. लक्ष्मी हाय ती. ओवालल्याबिगर हात लावाचा नाय."

"आजी, ही लक्ष्मी पेट्रोल पिते बरं का."

"ती पेट्रोल पिते. तू काय पितोस ते सांग आदी."

तो हसला. मी पण हसले. यार्डातलं तेवढंच हसणं. त्यांनी पुढच्या जाळीवर हार बांधला, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, भाऊ आत स्टिअरिंगवर जाऊन बसला. ड्रायव्हर बोलला, "थांबा, फोटो काढतो, दाजींना पाठवा." काढला, माझ्या फोनवर पाठवला पण. मग सासूबाईंनी चाकापुढच्या दगडावर नारळ फोडला. पाणी उडालं. खाली ओलं झालं. हिरवट दिसलं मला, खरंच दिसलं, पण तिथली जमीन सगळी तेलाने चमकते, निळी, हिरवी, जांभळी. मला काय वाटणार?

ड्रायव्हर बोलला, "इथं ओके लिहा आणि नाव टाका." मी नववीपर्यंत शिकलेली. ओके म्हंजे बरं, मिळाली, एवढंच मला माहीत. मी लिहिलं, ओके.

धूर निघाल्यावर भावाने गाडी ढकलत गेटच्या आत परत नेली. ट्रेलर तोपर्यंत निघून गेला होता. मेकॅनिक आला, त्याने हार बाजूला केला. जाळी आतनं फुटलेली, त्याच्या मागचा रेडिएटर दाबला गेलेला, त्यातलं इंजिन थंड ठेवायचं हिरवं पाणी गळून गेलेलं. बंपर मात्र वरनं सरळ. तो बोलला पुढच्या कशावर तरी आदळली आहे. आणि भावाने गाडी तशीच चालवली, तर इंजिन पण तापून गेलं असेल, उघडल्याशिवाय सांगता येत नाय.

मी बाळाला कडेवर घेऊन ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात गेले. टेबलामागं जो बसला होता तो वाईट बोलला नाय. थंडपणे बोलला, त्याची जास्त भीती वाटते. "मॅडम, तुमी ओके लिहून दिलंय, म्हंजे गाडी धड मिळाली."

"मला ओके म्हंजे गाडी मिळाली असं वाटलं."

"पूजा केलीत ना?"

"केली."

"नारळ फोडलात ना?"

"हो."

"कुठं?"

"चाकापुढं."

"मग करवंटी उडाली असेल. जाळीतनं आत गेली असेल." आणि शेजारच्याला बोलला, "नारळाने रेडिएटर फोडला, लिहून ठेव, नवीन आहे हे."

दोघं हसले. मला फक्त एक कागद पाहिजे होता, की नुकसान गाडी आणताना झालं. तो असल्याशिवाय विमावाले ऐकूनच घेत नव्हते. तो बोलला, "आमच्याकडनं नुकसान झालंच नाय तर कागद कसला देऊ?"

घरी येऊन नवऱ्याला फोन केला. तो ओरडला नाय. एवढंच बोलला, "राहू दे, मी शेठला सांगतो, जागा ठेवा म्हणून." बाळाने फोन माझ्या हातातनं ओढला आणि पडद्याला तोंड लावलं.

दुसऱ्या दिवशी मी तो पूजेचा फोटो उघडला, सहज, रडायलाच म्हणा. सासूबाई ताट घेऊन, मी बाजूला बाळाला घेऊन, भाऊ आत स्टिअरिंगवर. ताटात दिवा, कुंकू, आणि नारळ. अख्खा. शेंडीसकट अख्खा नारळ. मी फोटो मोठा केला. गाडीच्या खाली, हाराच्या लोंबणाऱ्या फुलांच्या खाली, ओली हिरवी रेघ.

नारळ फुटलाच नव्हता आणि पाणी आधीच गळत होतं.

मी पहिला फोन ऑफिसला नाय केला. ट्रेलरच्या ड्रायव्हरला केला, फोटोत दिसलं ते सांगितलं. मला वाटलं तो चांगला माणूस आहे, म्हणून बोलले, माझ्यासोबत चला, तुमीच सांगा. तो बोलला, "ताई, घाटात ब्रेक मारला तेव्हा तुमची गाडी बांधलेली साखळी निसटली. साखळी झिजली हे मी ऑफिसात सांगितलं होतं, बदलली नाय. तुमची गाडी पुढच्या गाडीवर गेली. मी वरनं बघितलं, बंपर सरळ होता, मला वाटलं काय नाय झालं."

"मग तसं सांगा ना."

"माझ्यावर टाकतील, ताई. कामावरनं काढतील. फोटो मी काढला हे तेवढं सांगू नका. पाया पडतो."

मी बोलले, नाय सांगणार. मनापासनं बोलले.

परत ऑफिसात गेले, सासूबाईंना घेऊन. फोन टेबलावर ठेवला. सासूबाईंनी बोट ठेवलं, "ह्यो बग नारल. फुटला हाय का? आनी ह्ये पानी बग. डोले हायत ना तुला?"

त्याने फोटो मोठा केला, छोटा केला. हसला नाय. मग माझ्याकडं बघून हळूच बोलला, "म्हातारी फोटोत आहे. तुमी फोटोत आहे. भाऊ आत बसलाय. मग फोटो काढला कोणी?"

मी बोलले, "होतं कोणीतरी."

"यार्डात बाहेरचं कोण सोडत नाय आमी."

बाळाने माझं मंगळसूत्र तोंडात घातलं होतं, मी ते काढायला लागले, काढतच राहिले. मी हो नाय बोलले. पण नाय असं पण नाय बोलले. त्याने फोन मला परत दिला आणि शेजारच्याला सांगितलं, "यांना कागद देऊन टाक, ड्रायव्हरचं मी बघतो." एवढं सोपं होतं ते.

विमा मिळाला. मेकॅनिकने इंजिन उघडलं, वाचलं होतं. सगळं नवीन बसलं, पहिल्या तारखेला गाडी कंपनीच्या गेटवर उभी होती. नवरा घरी आहे. बाळ पहिले काही दिवस त्याच्याकडं जाईना, मोबाइलकडं बोट दाखवायचं, आता त्याच्या छातीवर झोपतं.

ड्रायव्हरचा एकच मेसेज आला. "ताई तुमी सांगितलं का." मी लिहिलं, नाय. ते खोटं होतं का खरं, मला अजून कळत नाय. मग त्याचा नंबर लागायचा बंद झाला. भाऊ एकदा यार्डात गेला होता, तिथं बोलले, तो आता इथं नसतो. साखळी बदलली का, ते कोणी सांगितलं नाय.

नवरा बोलतो, तू काय चुकीचं केलं नाय, फोटो आपलाच होता. सासूबाई रोज सकाळी गाडीला कुंकू लावतात तेव्हा एक टिकली जास्त लावतात, आणि मी विचारलं नाय कोणासाठी.

तो फोटो अजून माझ्या फोनात आहे. तुमच्या फोनात असता, आणि समोरचा विचारत असता काढला कोणी, आणि कडेवर असं लेकरू असतं जे बापाला फक्त पडद्यावर ओळखतं, तर तुमी काय बोलला असता? खरंच सांगा. तुमी काय केलं असतं?