आक्का आणि झोमो

मी सोलापुरात जनावरांचा डॉक्टर. गेल्या उन्हाळ्यात थोरल्या बहिणीला, आमच्या आक्काला, लडाख दाखवायला घेऊन गेलो. आक्का जेऊरची, तिचा सगळा जन्म म्हशींच्या मागं गेलेला.

लेहला विमानातून उतरली आणि चार पावलं चालते न चालते तोच तिला धाप लागली. तिथल्या डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं. "पडून ऱ्हायाला मी काय बाळंतीण हाय व्हय रं?" ती म्हणाली, पण डोकं इतकं ठणकत होतं की गुमान पांघरूण ओढून निजली.

बरं वाटल्यावर आम्ही जवळच्या गावात गेलो. समोरच्या चढावर एक याक भराभर चढत होता. आक्का एका घराच्या भिंतीला टेकून बघत राहिली.

"ह्याला कशी काय धाप लागत न्हाय?"

"हवा विरळ झाली की आपल्या फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आवळतात," मी सांगितलं, "मग हृदयाला लई जोर लावावा लागतो. याकच्या तशा आवळत नाहीत. शिवाय अंगाच्या मानानं हृदय मोठं, फुप्फुसं मोठी, बरगड्यासुद्धा गाईपेक्षा जास्त."

"आन् आपली म्हस हितं आणली तर?"

"दमून जाईल. खालच्या गाई वर आणल्या की काहींच्या छातीखाली सूज येते. मग त्यांना परत खाली न्यावं लागतं."

आक्कानं लगेच सुनेला फोन लावायला लावला. म्हैस डोहात निवांत बसलीय हे कळल्यावर तिचा जीव भांड्यात पडला.

त्या घरची बाई झोमोची धार काढत होती. झोमो म्हणजे याक आणि गाय यांच्या संकरातली मादी; याकसारखा दम आणि दूध त्याहून जास्त. आक्का न विचारताच पुढं झाली. पहिल्याच झटक्याला झोमोनं पाय झाडला. आक्कानं तिच्या पाठीवर थाप दिली, आपल्या म्हशींशी बोलते तशी "हो हो, बाय माझी" करत बसली, आणि थोड्या वेळानं भांड्यात धार वाजायला लागली. बाई खदखदून हसली.

मग लोणी-मीठ घातलेला चहा आला. "चहात मीठ? काय तरीच की!" म्हणत आक्का दोन पेले प्यायली. निघताना तिनं पिशवीतून शेंगाची चटणी काढली. बाईनं चिमूटभर जिभेवर ठेवली, डोळ्यांत पाणी आलं, आणि तिनं पुन्हा हात पुढं केला.