माळशेजला गेलो आणि बाथरूममध्ये पडलो

गेल्या सप्टेंबरात प्रकाशदादाचा फोन आला, तेव्हा मी शहापूरला घरी पंख्याखाली पडून भिंतीवरच्या पाली मोजत होतो. पाल एकच होती, पण मला घाई नव्हती. प्रकाशदादा म्हणजे माझ्या आत्याचा मुलगा. कल्याणला फ्लॅट, नोकरी, गाडी, सगळं वेळच्या वेळी झालेला माणूस. आणि मी म्हणजे बारावीचा फॉर्म तिसऱ्यांदा भरायला निघालो होतो, वाटेत माहुलीचा किल्ला दिसला, म्हणून तिकडेच वळलो, तो माणूस.

"सच्या, रिकामाच आहेस ना?"

"तसं म्हटलं तर..."

"वैशाखऱ्याला जा. चार दिवस आईकडे राहा. घरात कुठे कुठे धोका आहे ते नीट बघ. रविवारी मी गाडी घेऊन येतोय."

भानगड अशी होती. आत्या अडुसष्ट वर्षांची, वैशाखऱ्याला एकटीच राहते. जूनमध्ये ती पडली आणि कंबर धरून तीन आठवडे झोपून होती. विचारलं तर म्हणाली, अंगणात पाय सरकला. दादाने ठरवून टाकलं की गाव धोक्याचं, आईला कायमचं कल्याणला आणायचं. आत्या म्हणाली, मी इथून हलणार नाय. दोन महिने भांडून शेवटी तोडगा निघाला: सच्या पंच. सच्या म्हणाला घर ठीक आहे, तर आत्या राहील. सच्या म्हणाला धोका आहे, तर रविवारी बॅग भरायची. मला पंच नेमायला दोघं तयार कशी झाली, याचा मी फार विचार केला नाही. दादा माझ्या गाडीत पेट्रोल भरणार होता आणि आत्या मला जेवायला घालणार होती, त्यामुळे मी आपल्याच बाजूचा, असं दोघांनाही वाटत असावं. मला दिसत होता फक्त माळशेज.

गुरुवार

शहापूरहून माळशेजला जायचं तर हायवेच्या वाटेला जाऊ नका. किन्हवलीवरून सरळगावला उतरा. रस्ता अधूनमधून खड्ड्यांचा आहे, पण दोन्ही बाजूंना भात पोटरीत आलेलं, कणसं बाहेर पडायच्या बेतात, आणि मध्ये आपण एकटे.

एकटे म्हणजे जवळजवळ. किन्हवलीच्या अलीकडे माझ्यापुढे एक नवरा-बायको मोटरसायकलवर होते. बाई एका अंगाला बसलेली, पदर वाऱ्यावर, आणि त्याचं टोक मागच्या चाकापासून चार बोटांवर. मी हॉर्न वाजवला. त्यांनी मला पुढे जायला हात केला. मग मी गाडी शेजारी घेतली आणि ओरडलो, "ताई, पदर! पदर!"

नवऱ्याने गाडी थांबवली, स्टँडला लावली आणि हेल्मेट काढलं. हेल्मेट काढणारा माणूस बोलायला थांबलेला नसतो.

"काय रे? कोणाच्या पदराकडं बघतोस?"

"दादा, चाक..."

"चाक दावतो तुला!"

मागून बायकोचा आवाज आला, "अवो, त्याला मागनं मारा. आधी मला सोडवा!"

पदराचं टोक तोवर चेनमध्ये गेलं होतं. थांबताना गेलं, म्हणून वाचली. चालत्या गाडीत गेलं असतं तर बाई रस्त्यावर असती. आम्ही दोघांनी वीतभर साडी फाडून पदर सोडवला. चाकाला लावायची साडीगार्डची जाळी कुठाय, असं मी विचारलं.

"काढून ठेवली. दिसायला बरी दिसत नव्हती," नवरा म्हणाला.

"आता ही बरी दिसते का?" बायकोने ग्रीसने काळा झालेला पदर त्याच्या तोंडापुढे धरला.

किन्हवलीच्या स्टँडवर त्याने मला चहा आणि वडापाव चारला. मला मारायचं राहून गेलं याचं त्याला थोडं वाईट वाटत असावं, वडा त्याने मोठा बघून दिला. तर, मागे बसणाऱ्यांनो, पदर आणि ओढणी खोचून बसा. आणि ओरडणाऱ्यांनो, आधी 'चाक' म्हणा.

सरळगावला डावीकडे माळशेज, उजवीकडे मुरबाड. मी उजवीकडे वळलो, कारण मुरबाडच्या बाजारात सुकट चांगली मिळते. सुकट घेता घेता दोन तास गेले. त्यात मी एक टोपी घेतली, जी मला होत नाही. टोकावड्याला ढाब्यावर मिसळ खाल्ली (साठ रुपये, तर्री मागावी लागते) आणि पाचच्या सुमाराला वैशाखऱ्याला पोचलो.

आत्या ओट्यावरच उभी होती. "आलास इन्स्पेक्टर? पाय धू आन् जेव. धोका मागनं बघ."

तांदळाची भाकर, वालाचं बिरडं आणि मी आणलेली सुकट. चौथी भाकर वाढताना आत्या म्हणाली, "प्रकाशला सांग, आत्या बरी हाय."

मी म्हटलं, सांगतो. खरंच बरी होती.

शुक्रवार

सकाळी तहान लागली. फळीवर संत्र्याच्या थंडपेयाची बाटली होती. मी झाकण फिरवलं, तेवढ्यात अंगणातून आत्या इतक्या जोरात ओरडली की कोंबड्या छपरावर गेल्या.

"ठेव! ठेव खाली! तननाशक हाय ते!"

मी बाटली ठेवली आणि भिंतीला टेकून बसलो.

"आत्या, थंडपेयाच्या बाटलीत?"

"डबा मोठा हाय, मला उचलत नाय. म्हणून जरा काढून ठेवलं. आन् तोंडाला चिंधी बांधलीय ना! चिंधी म्हंजे इख. मला ठाऊक हाय."

"मला कुठे ठाऊक आहे!"

आत्या आत आली. तिने स्वतःच बाटलीतलं औषध काळजीने कंपनीच्या डब्यात परत ओतलं, डबा मला उचलायला लावून गोठ्यातल्या पेटीत ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात ओवली. "हे प्रकाशला सांगनार?"

मी वहीत लिहिलं: धोका एक.

धोका दोन आंघोळीच्या वेळी. घराच्या मागे, पोत्यांच्या आडोशात एक खडबडीत दगड आहे, तिथे आत्या आंघोळ करते. चुलीवरचं उकळतं पाणी तिने बादलीत ओतलं आणि गार पाणी आणायला विहिरीकडे निघून गेली. वाफाळती बादली तशीच वाटेत. तेवढ्यात शेजारचं वासरू तिला धडकून गेलं. पाणी सांडलं, सुदैवाने जमिनीवर.

"आत्या, आधी गार ओतायचं, मग गरम. म्हणजे बादली कधीच भाजण्याइतकी नसते."

"पन्नास वर्सं आधी गरमच ओतते."

"वासराला कुठे माहीत आहे?"

हा मुद्दा तिला पटला. नुसतं माझं सांगणं पटलं नसतं.

आता तुम्ही म्हणाल, घरात बाथरूम नाही का? आहे ना. प्रकाशदादाने एप्रिलमध्ये स्वतः सुट्ट्या टाकून, कल्याणहून लाद्या निवडून आणून बांधलंय. पांढऱ्याशुभ्र, चकचकीत, वाकून बघितलं तर दाढी करता येईल अशा. शॉवर आहे, गिझर आहे. आणि आत कांदे पसरलेले आहेत.

"कांद्यांना हवा लागते," आत्या म्हणाली आणि विषय बदलला.

शनिवार

घाट! इथे मी चार पानं लिहू शकतो, पण थोडक्यात सांगतो. सोनकी फुलून डोंगर पिवळे झालेत, धबधबे बारीक पण चालू. भाजलेलं कणीस चाळीस रुपये. माकडं कणीस मागत नाहीत, घेतात. दरडीखाली गाडी लावू नका आणि हिरव्या दिसणाऱ्या दगडावर पाय देऊ नका, तो रंग शेवाळाचा असतो.

हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी ऐकत नाही. माझ्या शेजारी एक मुलगा सेल्फीसाठी मोबाइल धरून उलटा चालत होता. "अजून धबधबा फ्रेममध्ये येत नाहीये."

त्याची मावशी छत्रीखालून म्हणाली, "ये पुढे. अजून मागे गेलास तर तूच फ्रेममध्ये येणार नाहीस."

मी मात्र साधूसारखा वागलो. डांबर सोडलं नाही, कठड्याला टेकलो नाही. दुपारी ट्रकांनी उडवलेल्या चिखलाने माखून, पण एकही ओरखडा न घेता परत आलो आणि स्वतःवर फार खूश होतो.

"मागं दगडावर पाणी काढलंय," आत्या म्हणाली.

"आज शॉवर घेतो आत्या. दादाने एवढा केलाय."

"तिथं नको रे!"

ती हे इतकं तोडून म्हणाली की मी थांबायला हवं होतं. पण मी कांदे एका बाजूला सारले, शॉवर सोडला, साबण लावला आणि टॉवेल घ्यायला वळलो. त्यापुढे मला फक्त छत आठवतं.

आत्या धावत आली, दाराबाहेर थांबली. "मान हालती का? झटक्यात उठू नको! आधी कुशीवर हो. काय लागलं?"

"कोपर!"

"तुझं कोपर गेलं? माझी कंबर गेली व्हती."

शॉवर चालूच होता. मी टॉवेल ओढून घेत म्हटलं, "आत्या, तू अंगणात पडली होतीस ना?"

बाहेरून बराच वेळ आवाज आला नाही.

शेजाऱ्यांच्या जीपने टोकावड्याला दवाखान्यात गेलो. आत्या बरोबर आली. डॉक्टरांनी चिखलाचे बूट बघून विचारलं, "धबधबा?"

"नाही. बाथरूम."

ते हसले नाहीत. "धबधबेवाले माझ्याकडे शनिवार-रविवारी येतात. बाथरूमवाले बारा महिने."

हाड मोडलं नव्हतं. बर्फ, झोळी, आणि सूज असताना चोळायचं नाही, हे त्यांनी आत्याकडे बघून दोनदा सांगितलं, कारण तिच्या हातात तेलाची बाटली होती.

परतताना आत्या जीपमध्ये हळूच म्हणाली, "त्याला सांगू नको. किती हौसेनं दावत व्हता. 'आई, आता शेवाळावर पाय ठेवायला नको.' त्याला काय सांगू, तुझ्या लादीनं मला पाडलं?"

"नाही सांगितलं तर उद्या तुला घेऊन जाईल."

"हां."

"आणि त्याच्या फ्लॅटमध्ये..."

"तिथं तर सैपाकघरात बी हीच लादी हाय," आत्या म्हणाली.

रविवार

दादा दहाला आला. डिकी रिकामी करून आला होता. माझी झोळी बघून म्हणाला, "पडलास ना? सांगत होतो, घाटात जपून."

"हां, घाटातच पडला," आत्या पटकन म्हणाली. तिने चहा गाळायला घेतला, पण गाळणी कपावर नव्हती.

सांगतो, मला कुणाशी वाकडं घ्यायला आवडत नाही. अवघड झालं की मी निघतो, माझा स्वभावच तसा आहे. गाडीची किल्ली खिशात होती. पण आत्याच्या दोन साड्या आणि औषधाची पिशवी दाराशी बांधून ठेवलेली दिसत होती.

"दादा, मी तुझ्या बाथरूममध्ये पडलो," मी म्हटलं. "आणि जूनमध्ये आत्याही तिथेच."

"काहीतरीच! टाइल्स ग्रिपच्या आहेत. दुकानदाराने सांगितलंय."

"मग चप्पल काढ आणि ये."

तो आला. मी शॉवर सोडला, साबणाचं पाणी टाकलं. दादाने पँट दुमडली, एक पाऊल टाकलं आणि म्हणाला, "बघ, काही होत..." दुसरं पाऊल टाकताना त्याने माझा खांदा धरला. त्याला कळलंही नाही. पाचही बोटं रुतवून धरला.

दारातून आत्या म्हणाली, "तुला धरायला हा हाय. मला कोन व्हता?"

दादाने शॉवर बंद केला. मग बारीक आवाजात म्हणाला, "आई, इथे पडलीस तू?"

"पडले नाय रे. बसले."

"तीन आठवडे?"

"जरा जोरात बसले."

मी हसलो, कोपर दुखलं. दादा हसला नाही. तो बाहेर येऊन ओट्यावर बसला आणि आत्या त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, जणू पडला तोच होता.

मग मी वही काढली आणि वासरासकट सगळं वाचलं. पंच म्हणजे पंच. चिंधीच्या बाटलीपाशी दादाचा चेहरा परत दारातल्या पिशवीकडे वळला. पण आत्याने गळ्यातली किल्ली वर धरून दाखवली.

दुपारी आत्याने बोलावलेले वाडीवरचे हिरामामा आले. पाट्या-वरवंट्याला टाकी लावणं हा त्यांचा धंदा, म्हणजे गुळगुळीत झालेला दगड छिन्नीने ठोकून परत खरखरीत करायचा. दादाने विचारलं, लादीलाच टाकी लागेल का?

"लादीला लावली तर फुटंल. लादी बघायची असती, दगडावर उभं ऱ्हायचं असतं," हिरामामा म्हणाले.

मग जिथे उभं राहायचं तिथल्या सहा लाद्या उखडल्या. दादाने स्वतः उखडल्या, एकेक करून, आणि फुटू दिल्या नाहीत. मागचा दगड आणून बसवला, हिरामामांनी त्याला नव्याने टाकी लावली. भिंतीत धरायला लोखंडी दांडी ठोकली. आत्याने आत उभं राहून दांडी हलवून बघितली आणि म्हणाली, "आता कांदे कुठं ठेवू?"

दादा संध्याकाळी रिकाम्या डिकीने परत गेला. जाताना त्याने आईला एकच अट घातली: पडलीस तर मला खरं सांगायचं, कुठे ते. आत्या म्हणाली, "सांगेन. तू लादी निवडू नको."

घरी

एका हाताने मोटरसायकल चालत नाही, म्हणून एसटीने मुरबाडमार्गे परत आलो. गाडी पुढच्या आठवड्यात आणली. कोपर आता बरं आहे, पाऊस येणार असला की आधी त्याला कळतं. सगळ्यांना मी धबधब्याचे फोटो दाखवतो. छान आलेत. पण डोक्यात राहिलंय ते आत्याचं दाराबाहेर गप्प होणं.

काल सकाळी परत निघालो होतो, डोळखांबच्या बाजूला, सहज. बूट घालताना बघितलं तर आई प्लॅस्टिकच्या खुर्चीवर पाट ठेवून, त्यावर चढून माळ्यावरचा डबा ओढत होती. मी धावत जाऊन खुर्ची धरली.

"अरे, रोजचंच आहे," ती म्हणाली.

डबा मी उतरवला. मग विचारलं, "आई, तू कधी घरात पडलीस का गं?"

आई खाली उतरली आणि पाट जमिनीवर टाकून बसली. पदराने कपाळ पुसलं. "कुठलं सांगू? तू तीन वर्षांचा होतास तेव्हापासून सांगू?"

ती तिसऱ्या पडण्यापर्यंत आली, तेव्हा मी बूट काढले.