दाजी माझा फोन कापतात!

चहा घ्या आधी. एकदा मी सुरू झालो की तो निवणार, मग म्हणू नका. आणि आज जे सांगणार आहे ते ऐकून तुम्ही मला हसणार, हेही ठाऊक आहे मला. हसा! अक्काच्या गावात शेंबडी पोरंसुद्धा मला बघून हसतात, मग तुम्हीच काय घोडं मारलंय?

तर माझ्याकडे एक प्लॅन आहे. मोबाईलचा. फॅमिली प्लॅन. एका खात्यात पाच नंबर आणि नेट अनलिमिटेड. खरंखुरं अनलिमिटेड हं! सकाळी हे एवढं दिलं, दुपारी संपलं, असलं आजकालचं भिकारडं काम नाही. हा प्लॅन कंपनीने कधीच बंद केलाय. नवीन माणसाला मिळत नाही. जुन्यांचा तेवढा चालू. मागे एकदा धुळ्यातल्या त्यांच्या दुकानात गेलो, तर काउंटरवरच्या मुलीने स्क्रीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आतून साहेबाला बोलावून आणलं. "सर, बघा ना, हा अजून चालू आहे!" साहेब उभ्या-उभ्या बघत राहिला. मी एका शाळेतला साधा हेडक्लार्क, पण त्या दिवशी दुकानातून बाहेर पडताना माझी चाल बघायला हवी होती तुम्ही.

अट एकच. पाचच्या पाच नंबर खात्यात राहिले पाहिजेत. एक जरी बाहेर पडला, की प्लॅन गेला.

आता हे पाच कोण? मी. माझी बायको सुनंदा. पुण्यात शिकणारा आमचा मुलगा. शिरपूरच्या पुढे तापीकाठच्या गावात दिलेली माझी मोठी बहीण, अक्का. आणि अक्काचे यजमान, आमचे दाजी. दाजींचं सिम मी दिवाळीत दिलं होतं. लोक जावयाला टोपी-उपरणं देतात, मी अनलिमिटेड नेट दिलं! ताटात ठेवून, कुंकू लावून. वर त्या सिममध्ये घरातले सगळे नंबर माझ्या हाताने सेव्ह करून दिले. पहिला अर्थातच माझा.

दाजी केळीवाले. माणूस सोन्यासारखा, पण बोलणं सरळसोट. डिसेंबरात त्यांच्या मळ्यात भरीत पार्टी होती. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजलेली, मिरचीचा ठेचा, कळण्याच्या पुऱ्या, पंचवीस-तीस माणसांची पंगत. मी दुसऱ्यांदा भरीत वाढून घेत होतो, तेवढ्यात दाजी सहज म्हणाले, "पाव्हना, त्या तुम्हना शिमवर आम्हना गावमा नेट चालतच नही. मी दुसरं शिम लेयेल शे. ते जुनं आते काढी टाका."

काढी टाका? माझा घास तोंडातच राहिला.

"दाजी, एक नंबर काढला तर सगळ्यांचा प्लॅन तुटतो!"

"मंग तुटू द्या ना. इतला काय त्यान्हामा?"

इतला काय त्यान्हामा! अहो, आई गेली, वडील गेले, गावाकडचं घर विकलं गेलं. आम्हा भावाबहिणीचं एकत्र म्हणावं असं जगात काय उरलंय? तो प्लॅन! महिन्याला एक बिल येतं, त्यावर पाच जणांची नावं एकाखाली एक असतात. मी ते बिल फाइलला लावतो. तुम्हाला हसू येईल, पण मला ते बघून बरं वाटतं.

हे सगळं मी नीट सांगायला हवं होतं. मी काय केलं? मी ताट सरकवलं आणि पंगतीत उठून म्हणालो, "काढायचं तर आधी मला काढा घरातून!" आणि निघालो. भरीत टाकून! खान्देशात माणूस घर सोडेल, बायको माहेरी गेली तर तेही सोसेल, पण वाढलेलं भरीत टाकून उठत नाही. दाजी मागून ओरडत होते, "ओ पाव्हना, नही काढस! चालू ठेवस! जेवण ते करा!" मी वळूनही पाहिलं नाही. सुनंदा बिचारी पदराला हात पुसत मागे पळत आली.

त्यानंतर दोन महिने माझं आणि दाजींचं बोलणं बंद. सुनंदा आणि अक्का बोलायच्या, तेवढंच.

फेब्रुवारीत एक दिवस मी मोबाईलवर आमचं खातं उघडून बसलो होतो. कुणी किती नेट वापरलं ते त्यात दिसतं. मुलाचं बघवत नव्हतं, इतकं. सुनंदाचं रेसिपी बघण्यापुरतं. अक्काचं थोडंफार. आणि दाजी? शून्य. मागचा महिना बघितला. शून्य! म्हणजे दाजींनी नंबर काढला नव्हता, शब्द पाळला होता. पण माझ्या नेटला शिवायचंही नाही, असा पण केला होता. पाहुणा यावा, पाटावर बसावा आणि ताटाला हातच लावू नये, तसं हे.

मनात म्हटलं, बाळू, तूच लहान आहेस नात्याने. कर फोन.

शाळेत मधली सुट्टी झाली तसा केला. एक रिंग वाजली आणि कट! परत केला. एक रिंग, कट! आता माझा एक नियम आहे. मी माणसाला तीन वेळा फोन करतो. पहिला ऐकू येत नाही, दुसरा उचलायला उशीर होतो, तिसरा न उचलणारा मात्र मुद्दाम उचलत नाही. तिसरा केला. एक रिंग, कट!

"अहो, कामात असतील," संध्याकाळी घरी सुनंदा म्हणाली.

"कामातला माणूस पूर्ण रिंग वाजू देतो, सुनंदा. हा फोन हातात धरून बसलाय आणि माझं नाव दिसलं की कापतोय!"

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत परत तीन फोन. तिसऱ्या दिवशीही. मी हट्टाला पेटलो. रोज दुपारी डबा खाल्ला की दाजींना तीन फोन, हा कार्यक्रमच झाला. पंधरा दिवस! शिपाईसुद्धा विचारायचा, "साहेब, उचलला का?" आणि अक्काला विचारावं, तर बहिणीपाशी तिच्या नवऱ्याची तक्रार कशी करायची? भाऊ आणि नवरा यांच्या मध्ये ती बिचारी पिसली जाणार.

शेवटी सुनंदानेच अक्काला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "काय म्हणतात दाजी?" असं अगदी सहज विचारलं.

अक्का म्हणाली, "काय सांगू वहिनी, पंधरा दिन व्हई गयात, त्यासनं डोकं तपेल शे. कोनी तरी रोज दुपारले मुद्दाम तरास दी राहिना. सापडना ते त्याले सोडाव नही, म्हनतस."

त्रास देणारा मीच, हे मी अचूक ओळखलं. त्या बाबतीत माझी काहीच चूक नव्हती.

"रविवारी जायचं," मी म्हणालो. "पाय धरीन, पण दाजींना परत माणसात आणीन."

रविवारी दुपारी मोटारसायकलवर आम्ही दोघं निघालो. सोनगीरला थांबून अक्कासाठी चांगलं जड पितळी पातेलं घेतलं. सुनंदा मागे बसून बजावत होती, "आधी माफी, मग प्लॅन. उलटं करू नका." म्हटलं, निघालोय याची वर्दी तरी द्यावी. तिथूनच दाजींना फोन केला. नियमाप्रमाणे तीन वेळा. एक रिंग, कट. तिन्ही वेळा!

गावात पोहोचलो तर अक्का घरी नाही. सगळे मळ्यात गेलेत म्हणाले. आम्ही मळ्याच्या रस्त्याला लागलो, तर शेवटच्या वळणाला गाडी चिखलात रुतली. उन्हाळ्याच्या तोंडावर चिखल? पातेलं डोक्यावर घेऊन मी पुढे, साडी वर धरून सुनंदा मागे.

मळ्यात बघतो तर ही गर्दी! विहिरीवरची मोटार धडधडतेय, केळीच्या ओळींतून पाणी वाहतंय, कडेला केळी न्यायला आलेला ट्रॅक्टर अर्ध्या चाकापर्यंत रुतलेला. दाजी गुडघाभर चिखलात. अक्का कपाळाला हात लावून बांधावर. दाजींचे वडील, नाना, बाजेवर बसून काठी आपटत होते. आणि शिरपूरहून आलेला एक मिस्तरी मोटारीच्या पेटीत डोकं घालून उभा.

"कव्हय उना रे बाळू?" अक्का म्हणाली खरी, पण तिचं लक्ष नव्हतं.

नानांनी मला गाठलं. "देख भाऊ, पंधरा दिन व्हई गयात! मोटार आपोआप चालू व्हस, आपोआप बंद व्हस, परत चालू व्हस! बठ्ठा वावरमा पानी! विहीरवर काहीतरी शे, मी सांगी राहिनू."

"भूत-बित काही नाही, नाना," दाजी चिडून म्हणाले. (त्यांचं लांब बोलणं मी आपल्या भाषेत सांगतो.) "हे माणसाचंच काम आहे. केळी कापायला आलीय, म्हणून पाणी तोडलं, ठिबकच्या नळ्या गुंडाळून ठेवल्या. आणि रोज दुपारी, लाईट आली की कुणी तरी मोटार चालू करतं! पाइपाचं तोंड उघडं, सगळं पाणी वावरात. व्यापारी दोनदा येऊन परत गेला. शेजारच्या वावरवाल्याशी माझं भांडण झालं यावरून."

मिस्तरी पेटीतून डोकं काढून म्हणाला, "भाऊ, बाहेरच्या माणसाला हे जमणारच नाही. यात जे नंबर आहेत, त्यांच्याशिवाय कुणाचं ऐकत नाही ही पेटी."

आता सांगा, शहाण्या माणसाच्या डोक्यात इथे तरी उजेड पडला असता की नाही? माझ्या पडला नाही! मी विचार करत होतो माफीचा. एवढ्या संकटात माणूस, आणि वरून मी रोज तीन-तीन फोन करून याला पिडतोय. मी पातेलं बांधावर ठेवलं, चिखलात पुढे झालो आणि सगळ्यांसमोर हात जोडले.

"दाजी, भरीत टाकून उठलो, चुकलो. हवं तर दोन शिव्या घाला. पण माझा फोन कापू नका हो! पंधरा दिवस झाले, मला घास गोड लागत नाही."

दाजी म्हणाले, "पाव्हना, तुम्ही कव्हय फोन कया?"

"कधी? रोज केला! तीन-तीनदा! आजसुद्धा सोनगीरहून केला!"

"माले एक बी नही उना."

आता मात्र मला राग आला. समोरासमोर खोटं? खिशातून फोन काढला. "हे बघा. सगळ्यांसमोर लावतो. बघा नाना, बघ अक्का!" आणि लावला.

एक रिंग. कट!

"बघा! कापला की नाही? कापला!"

कुणी काही बोलेना. मला आधी वाटलं, माझा मुद्दा सगळ्यांना पटला. मग लक्षात आलं की इतकी शांतता आहे, याचा अर्थ मोटार बंद झालीय. दाजींचे दोन्ही हात तर रिकामे होते. त्यांनी खिशाला हातसुद्धा लावला नव्हता.

मिस्तरी हळूच म्हणाला, "साहेब, परत एकदा लावा बरं."

मी लावला. एक रिंग, कट. आणि मागे धड-धड-धड मोटार सुरू!

पहिला फोन, चालू. दुसरा, बंद. तिसरा, चालू. आणि मी नियमाचा पक्का माणूस, चौथा फोन कधी केलाच नाही!

"आते नको लावू रे फोन!" अक्का किंचाळली आणि तिथेच बांधावर बसून हसायला लागली. सुनंदा तोंडात पदर कोंबून वळली. नानांनी काठी उचलून जाहीर केलं, "भूत ते आपला घरनंच निंघनं, भो!"

दाजींनी पेटी उघडून दाखवली. आत माझं ते सिम. हल्ली घरबसल्या मोटार चालू-बंद करायला पेटीत सिम घालावं लागतं, एक रिंग गेली की झालं. आणि त्या सिममध्ये जे नंबर सेव्ह असतील, तेवढ्यांचाच हुकूम ती मानते. ते कुणी सेव्ह केले होते, हे मी तुम्हाला सांगितलंच आहे.

"पण दाजी, माझं सिम मोटारीला?"

दाजी चिखलाचे हात पुसत म्हणाले, "तुम्ही इतके तडकून गेले. काढलं असतं तर प्लॅन तुटला असता, तुम्हाला लागलं असतं. आणि नुसतं पडून राहिलं तर कंपनी बंद करते म्हणे. म्हणून रोज चालेल अशा जागी ठेवलं."

मी या माणसाला पंधरा दिवस मनातल्या मनात काय काय बोललो होतो! आणि त्याने माझ्या हट्टासाठी माझं सिम विहिरीवर जपून ठेवलं होतं. मी त्यांच्या पायाशी वाकलो आणि चिखलात पार आडवा झालो.

रुतलेला ट्रॅक्टर पुढे सरकणार नव्हता. मग घड कुणी वाहायचे? पाव्हण्याने! दोन दिवस शाळेत रजा टाकून मी केळीचे घड खांद्यावर घेऊन चिखल तुडवला. दाजी शेजारच्या वावरवाल्याला मुद्दाम घेऊन आले, त्याची माफीही मागितली, आणि मग दोघं मिळून बांधावर बसून माझे घड मोजत होते.

प्लॅन अजून आहे हं! पाचही नंबर चालू. पण निघताना दाजींनी मिस्तरीला पुन्हा बोलावलं आणि माझ्यासमोर पेटीतून माझा नंबर पुसून टाकला. फक्त एक विचार राहून राहून येतो बघा. या फॅमिली खात्यात मुलगा माझा फोन संध्याकाळी उचलतो, सुनंदा उचलतच नाही, अक्का 'नंतर करस' म्हणून ठेवते. माझी एक रिंग गेली की निमूटपणे उठून कामाला लागणारं घरात एकच होतं, आणि नेमकं त्यालाच सांगून ठेवलंय की याचं ऐकायचं नाही!