हारुकोसानचा जय भीम आणि घोटीचा चहा

एका जपानी पाहुणीला इगतपुरीच्या ध्यानकेंद्रात सोडून यायचं काम मला नाशिकच्या ट्रॅव्हल ऑफिसातून मिळालं. पाहुणी खूश झाली तर पुढची कामंही मलाच, असं मालक म्हणाले. आदल्या दिवशी आरशासमोर वाकून सराव केला. 'ओहायो गोझाइमास', म्हणजे सुप्रभात, म्हणताना किती वाकायचं, याबाबत माझ्या जपानीच्या दोन पुस्तकांचं पटत नाही.

सकाळी हारुकोसान आमच्या घरी नाश्त्याला आल्या. पप्पा दारातच म्हणाले, "जय भीम." शाळेत जायच्या आधी अक्षरं आणि हा नमस्कार मला त्यांनीच शिकवला, आवाज खाली आणायचा नाही, हेही. हारुकोसाननी तो तिथेच घोकून घेतला. केंद्रात मौन, म्हणून आज भेटेल त्याला नमस्कार करणार, म्हणाल्या. निघताना जपानी लोक 'इत्तेकिमास' म्हणतात, जाऊन येते. आपल्यासारखंच, म्हणून आईला बरं वाटलं.

विल्होळीपुढे रस्त्याचं काम चालू आहे, वेळ हाताशी ठेवा. गाडीचं भाडं आधीच ठरवा.

घोटीला थांबलो. साधं हॉटेल, गरम भजी. गल्ल्यावरचे काका म्हणाले, "राम राम, या."

हारुकोसान कमरेत वाकून स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "जय भीम."

शेजारच्या टेबलावरचं बोलणं थांबलं. काकांनी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. "ताई, तुम्ही कुठल्या?"

"नाशिकच्या."

"नाशकात कुठं?"

मी कॉलनीचं नाव सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली. आम्हा दोघींना चहा आला तो प्लास्टिकच्या कपात. बाकी सगळ्यांना काचेचे ग्लास.

"फॉरेनरला तसलाच देत्यात," आमचे ड्रायव्हरभाऊ म्हणाले. त्यांच्या हातात ग्लास होता.

"मग मला कशाला?"

"मॅडमला राम राम शिकवा ना ताई. लय सोपं हाय, सगळीकडं चालतं."

हारुकोसाननी जपानीत हळूच विचारलं, "माझं चुकलं का?" हो म्हटलं असतं तर विषय मिटला असता, मालकांपर्यंत काही गेलं नसतं.

"नाही," मी म्हटलं. "आमच्या घरी हेच म्हणतात. काहींना ते चालत नाही."

"का?"

माझं जपानी तिथवर पोचत नाही. येत होतं तेवढं इगतपुरीपर्यंत सांगत राहिले.  केंद्राच्या फाटकाशी त्या नुसत्याच वाकल्या. मौन सुरू झालं होतं की रागावल्या होत्या, कोण जाणे.

परतताना त्याच हॉटेलापाशी गाडी थांबवली. ड्रायव्हरभाऊ म्हणाले, "पुन्हा? भजी आवडली वाटतं."

आता सोबत फॉरेनर नव्हती. "जय भीम, काका." आवाज कापला, पण खाली आला नाही.

"हां, बसा," काका म्हणाले. चहा ग्लासात आला. हायसं वाटणार, तेवढ्यात मागच्या फळीकडे नजर गेली. प्लास्टिकच्या कपांची चळत संपली होती.

घरी सगळं सांगितलं. पप्पा म्हणाले, "ग्लास मिळाला ना? झालं तर."

"झालं कसं?" आई म्हणाली. "कप संपले होते."

ऑफिसातून अजून फोन नाही. तुम्ही त्या बाजूला गेलात तर घोटीला जरूर थांबा, भजी खरंच चांगली आहेत. आत शिरताना जय भीम म्हणा, आणि चहा कशात आला ते इथे खाली लिहा.